दातांनी ऐकलेलं

कुंडलच्या लालासाहेबांच्या घरावरून जाणाऱ्याला वाटायचं, इथं बारमाही भांडण चालू आहे. भांडण काही नव्हतं. लालासाहेबांची बायको रंगूबाई हिला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिच्याशी जे बोलायचं ते ओरडून. चहा झाला का, हे ओरडून, आणि पोटात दुखायचं थांबलं का, हेही ओरडून. आता ओरडून माणूस काय सांगणार? कामाचं तेवढं सांगणार. नवरा-बायकोनं एकमेकांना हळूच सांगायच्या गोष्टी अंगणात ओरडून सांगितल्या तर गाव गोळा होईल. त्या गोष्टी लालासाहेबांनी कधीच्याच सोडून दिल्या होत्या. लग्न झाल्यावर ते चारचौघांत तिला ‘अगं’ म्हणायचे आणि दार लोटल्यावर ‘रंगू’. त्यातलं ‘अगं’ तेवढं टिकलं.

मुलगा धैर्यशील फौजेत होता. दर सुट्टीत तो आईला मिरजेला न्यायचं काढायचा. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी एकदा तपासून सांगितलं होतं, की आतलं एक बारीक हाड घट्ट बसलंय, ऑपरेशन केलं तर बहुतेक ऐकू येईल. रंगूबाई मान हलवायची. ‘‘ऱ्हाऊ दे. काय ऐकायचं ऱ्हायलंय माजं?’’ एवढंच म्हणायची, आणि तेही इतक्या हळू, की ऐकणाऱ्यालाच वाकावं लागायचं. या सुट्टीतही तेच झालं. चार दिवसांनी तो पुन्हा सरहद्दीवर निघणार होता, आणि आईपुढं त्यानं हात टेकले होते.

खरं कारण रंगूबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. धैर्यशील अंगावर पीत होता तेव्हा त्याला असा ताप भरला, की पोरानं डोळे फिरवले. तिनं म्हसवडच्या सिद्धनाथापुढं पदर पसरला. माझं काय घ्यायचं ते घे, पण पोर ठेव, म्हणाली. पोर राहिलं. आणि वर्ष-दोन वर्षांत तिच्या कानात आधी भुंगा घुमायला लागला, मग एकेक आवाज कमी होत गेला. पाटाचं पाणी गेलं, बांगड्या गेल्या, पोराचं बोबडं बोलणं पुरतं कळायच्या आत तेही गेलं. तिनं तक्रार केली नाही. देवानं आपला वाटा घेतला, असंच ती धरून चालली. दिलेलं परत मागायचं, आणि तेही मुलगा बंदुकीसमोर उभा असताना, एवढी तिची छाती नव्हती.

तर त्या रविवारी नात सृष्टीनं हट्ट करून सगळ्यांना सांगलीला नव्या विज्ञान केंद्रात काढलं. लालासाहेबांनी कडक इस्त्रीची टोपी घातली, सुनेनं, म्हणजे साक्षीनं, मोबाइल चार्ज करून घेतला, धैर्यशीलनं गाडी काढली. रंगूबाईनं डब्यात चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी भरली, कारण तिथं खायला मिळतं यावर तिचा विश्वास नव्हता. विज्ञान म्हणजे काय असेल, याचा तिनं विचारही केला नाही. पोरगी बरोबर असली की झालं.

आत मात्र ती हरखून गेली. एका नळीतून वारा वर सुटत होता आणि त्यावर चेंडू अधांतरी तरंगत होता, ना दोरी ना आधार. तिनं हात फिरवून दोरी शोधली, सापडली नाही. एका अंधाऱ्या खोलीत भिंतीपुढं उभं केलं, लख्खकन उजेड झाला, आणि ती बाजूला झाली तर तिची सावली भिंतीवरच उभी. पदर, अंबाडा, सगळं जिथल्या तिथं. रंगूबाई त्या सावलीपुढं हात जोडायच्या बेतात होती. आपण निघून आलो तरी आपलं काहीतरी मागं राहतं, हे तिनं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. सावली विरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढच्या दालनात एक पेटी होती आणि पेटीतून बोटाएवढी लोखंडी दांडी बाहेर आली होती. तिथं केंद्राचा निळा शर्ट घातलेली मयूरी नावाची मुलगी उभी होती. ती दर माणसाला दांडीवर नवी स्ट्रॉ चढवून द्यायची. दांडी दातात धरायची, दोन्ही कान बोटांनी बंद करायचे, आणि बघायचं काय होतं ते. सृष्टीनं स्वतः करून पाहिलं, डोळे मोठे केले आणि आज्जीला ओढत आणलं. खाणाखुणांनी सगळं समजावलं. रंगूबाई हसली. कान बंद करायचं काय, ते बंदच होते. पण मिशरीनं घट्ट राखलेले दात तिचे सगळे जागेवर होते. ती वाकली आणि तिनं दांडी चावली.

डोक्याच्या आत सनई वाजली.

लांबून नाही, पुसट नाही. आत, कपाळाच्या मागं, प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ. रंगूबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. सनई तिनं शेवटची कधी ऐकली, तेही तिला आठवेना. सृष्टीनं पेटीच्या पलीकडचा माईक हातात घेतला. त्यात बोललं की सनई थांबून बोलणं दांडीत यायचं.

‘‘आज्जी, मी सृष्टी. येतंय का गं ऐकायला?’’

नातीचा आवाज बारीक असेल असं तिला उगाच वाटायचं. तो निघाला चांगला घोगरा, खोडकर. इतकी वर्षं ही पोरगी मांडीवर लोळली आणि तिचा आवाज असा आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. रंगूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो आनंदच होता, पण टिकला क्षणभर.

कारण दुसऱ्याच क्षणी तिला म्हसवड आठवलं. दिलेलं परत घेतलं. विचारलं नाही, पुसलं नाही, वाकून सरळ दातांनी उचललं. तिनं दांडी सोडली आणि वळून पाहिलं. लालासाहेब होते. सृष्टी होती. धैर्यशील नव्हता.

ती चपला फटफटवत पलीकडच्या दालनात शिरली. समोर एक टेबल होतं, टेबलावर ताट होतं, आणि ताटात तिच्या मुलाचं मुंडकं ठेवलेलं होतं. टेबलाखाली काही नाही, नुसते टेबलाचे पाय आणि मागची फरशी. डोळे मिटलेले, जीभ बाहेर. रंगूबाई किंचाळली. जन्मात कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईची किंकाळी दोन्ही दालनांत घुमली, आणि ती मटकन खाली बसली.

मुंडक्यानं डोळे उघडले. ‘‘आये, आगं फोटो काडतुया आमी,’’ म्हणत धैर्यशील टेबलाखालून बाहेर आला. टेबलाच्या पायांत आरसे बसवले होते, त्यात पुढची फरशी दिसायची आणि आतला माणूस लपायचा. साक्षी मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिली. रंगूबाईनं मुलाची मान दोन्ही हातांनी चाचपली, पुढून, मागून, कॉलरच्या आतून. मग तिच्या तोंडातून सगळं भडाभडा बाहेर पडलं. ताप, सिद्धनाथ, पदर, कान. ‘‘म्या आत्ता ऐकलं रं. देवाला दिल्यालं परत घेतलं. तू जाऊ नगंस तिकडं.’’

लालासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. एवढी वर्षं एका ताटातलं खाल्लं आणि हे माहीत नव्हतं, याचं त्यांना काय वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

धैर्यशीलनं आईला उठवलं, हाताला धरून पुन्हा पेटीपाशी नेलं. ती मागं मागं ओढत होती. मयूरीनं नवी स्ट्रॉ चढवली आणि रांगेतल्या पोरांना हातानंच थांबवलं. रंगूबाईनं मुलाच्या तोंडाकडं बघत दांडी दातात धरली. त्यानं माईक घेतला आणि सवयीनं ओरडायला तोंड उघडलं. मग आवाज खाली आणला.

‘‘आये, मी हाय. ह्यो आवाज कानातनं न्हाई गेला, तुज्या हाडातनं गेलाय. आतलं समदं जिथल्या तिथं हाय. नुसती वाट बुजलीया. डाक्टर त्येच सांगत हुता, पर तू ऐकून कवा घेतलंस?’’

तिच्या लेकाचा आवाज. बोबडं बोलणारा पोरगा गेला होता आणि थेट बापाच्या आवाजाचा माणूस तिच्या डोक्यात बोलत होता. तो तिच्याशी हळू बोलत होता. ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या मनात काहीतरी हललं. तिनं दांडी सोडली.

‘‘मंजी माजं कान हितंच हुतं?’’

धैर्यशीलनं मान हलवली.

‘‘मग देवानं माज्याकडनं कायच घेतलं न्हाई,’’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘‘माजा ल्योक त्यानं फुकटच राखला.’’

तिनं हात जोडले. आता ते सावलीपुढं नव्हते, पेटीपुढंही नव्हते. एवढ्या मोठ्या देवाला आपण इतकी वर्षं वसुलीवाला समजलो, याची तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. साक्षी रडत होती. धैर्यशीलनं बोटानं लांब खूण केली आणि भुवया उंचावल्या. मिरजेला?

‘‘बगू,’’ रंगूबाई म्हणाली. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात थोडीच जाते.

तेव्हा लालासाहेब पुढं झाले. त्यांनी मुलाच्या हातातून माईक घेतला आणि बायकोला दांडीकडं खूण केली. तिनं दांडी धरली. लालासाहेबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. सून होती, नात होती, रांगेत अख्खी शाळा उभी होती. त्यांनी टोपी तोंडाआड धरली आणि माईकला ओठ लावले.

‘‘रंगू,’’ ते म्हणाले.

बाहेर कुणालाच ऐकू गेलं नाही. रंगूबाईनं डोळे मिटले. कान बोटांनी बंद ठेवून, दात घट्ट आवळून ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग तिनं दांडी सोडली, पदर सारखा केला, नवऱ्याकडं न बघता मुलाकडं वळली.

‘‘धैर्यशील,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘मिरजंला उद्या सकाळीच जायाचं का रं?’’