टॉलेफसनांच्या अंगणातली डिश

मी एक जुनी डिश आहे, मित्रांनो. पण माझ्यात कधी कुणी जेवलं नाही. मी छपरावर राहणारी, आभाळाकडे तोंड करून उपग्रहाचं बोलणं ऐकणारी डिश. काही लोक मला छत्री म्हणतात. तेही चूक नाही, फक्त पाऊस आला की मी तो अडवत नाही, मीच अडते.

आज मी नॉर्थ डकोटातल्या एका लहानशा गावात, एका मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाला टेकून पडले आहे. माझी एक कड दुमडली आहे आणि पाठीवरचा रंग करपला आहे. या प्लॉटवर एक घर होतं. ते घर गेलं तेव्हा मी जवळच होते. पण ते जाणार, हे आसपासची माती त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होती. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या एका तुकड्यावर वरून जड साचा आदळला आणि मला हा खोलगट आकार आला. मग करडा रंग लागला. समोर एक दांडी बसली आणि दांडीच्या टोकाला एक डोळा. आभाळातून येणारं सगळं मी गोळा करायचं आणि त्या डोळ्याकडे पाठवायचं, एवढंच माझं काम.

मला विकत घेतलं व्हर्न टॉलेफसन नावाच्या शेतकऱ्यानं. गावापासून लांब, बीट आणि सोयाबीनच्या सपाट शेतात त्याचं एकटं घर होतं. तिथे केबल येणं शक्यच नव्हतं. मला बसवायला माणूस बोलावला होता, पण त्याची वाट बघण्याइतका धीर व्हर्नकडे नव्हता. तो स्वतःच शिडी लावून वर चढला. त्याची बायको आर्लिस खाली टीव्हीसमोर, खिडकी उघडी ठेवून उभी राहिली.

"आलं का?" व्हर्न ओरडला.

"आलं! अरे थांब, गेलं! मघाशी होतं तिथेच ने!"

"मघाशी म्हणजे कुठे?"

"मला काय विचारतोस? छपरावर तू आहेस!"

पूर्ण दुपार त्यांचं असं चाललं. शेवटी चित्र स्थिर झालं, तेव्हा व्हर्ननं माझ्या पाठीवर थाप मारली, एखाद्या घोड्याला मारावी तशी.

ती वर्षं माझी चांगली गेली. सकाळी हवामान आणि धान्याचे भाव, हिवाळ्यात हॉकी. माझ्यावर बर्फ साचला की चित्राचे चौकोन व्हायचे. मग व्हर्न लांब काठीला झाडू बांधून बाहेर यायचा, शिव्या देत देत मला साफ करायचा आणि पाहुण्यांना मात्र सांगायचा, "गावातल्या लोकांची केबल काय घेऊन बसलात! माझी डिश बघा."

पण माणसाचे गुडघे पत्र्याहून लवकर झिजतात. व्हर्नला ट्रॅक्टरवर चढवेना. त्यानं जमीन घरासकट शेजाऱ्याला विकली. मुलगी जनेल गावातल्या दवाखान्यात नर्स होती. ती आणि तिची मुलगी ब्रिटा, दोघींनी म्हाताऱ्यांसोबत राहायचं ठरवलं, आणि सगळ्यांनी मिळून गावात एक घर घेतलं. निघायच्या दिवशी व्हर्न पुन्हा शिडीवर चढला आणि माझे बोल्ट सोडवू लागला.

"बाबा, उतर खाली! घराबरोबर डिशही दिली ना आपण?" जनेल खालून म्हणाली.

"घर दिलंय. डिश नाही."

नव्या घराच्या दक्षिणेला शेजारच्या हॉगेनांचं भलंमोठं एल्मचं झाड होतं. नेमकं तिकडेच मला बघायचं असतं. व्हर्ननं मला गॅरेजवर चढवून पाहिलं, अंगणात खांबावर बसवून पाहिलं. मला पानांपलीकडचं काही ऐकू येईना. टीव्हीवर नुसती निळी पाटी दिसायची.

"बाबा, केबल घेऊ या," जनेल म्हणाली.

"पानं गळू देत. मग दिसेल तिला."

"तोवर काय झाडाकडे बघत बसायचं?" आर्लिस म्हणाली. "मला माझे पाककृतींचे कार्यक्रम हवेत. तू तुझ्या डिशशी गप्पा मारत बस."

व्हर्ननं मला खांबावरून काढलं आणि गवतात ठेवलं. त्या आठवड्यात केबल घालणारी माणसं आली.

त्यांच्या आधी कुणीतरी येऊन गवतात लहान लहान निशाणं रोवून गेलं होतं. निळी पाण्याची, पिवळी गॅसची. केबल जमिनीखालून, एका यंत्राच्या लांब सळईमागून ओढत न्यायची होती. बर्फ पडायच्या आत पूर्ण गल्ली उरकायची म्हणून सगळे घाईत होते. माझ्यापासून हातभर अंतरावर दोघं जण उभे राहिले.

"इथे पिवळं निशाण आहे," एक जण म्हणाला. "आधी खड्डा काढून बघू या पाइप किती खोल आहे ते."

"प्रत्येक घरी खड्डे काढत बसलास तर नाताळ इथेच होईल. ढकल."

सळई मातीखालून सरकू लागली. मी गवतात पडले होते, त्यामुळे तिची थरथर माझ्या अंगात येत होती. एका जागी ती अडली. यंत्र गुरगुरलं. मग एक झटका बसला आणि ती पुढे गेली.

"दगड असेल," दुसरा म्हणाला. त्यांनी निशाणं उपटली, माती लोटली आणि ते पुढच्या घरी गेले.

केबलची तार तळघराच्या भिंतीला भोक पाडून आत घेतली होती, कारण टीव्ही तळघरातच होता. चित्र असं आलं की व्हर्नलाही नावं ठेवता येईनात. वारा असो, पाऊस असो, एक चौकोन हलायचा नाही. "ठीक आहे," एवढंच तो म्हणाला, आणि आर्लिस सबंध संध्याकाळ त्यावर हसत होती.

माझं पुढे काय झालं ते सांगायला थोडं जड जातं. आर्लिसनं माझी दांडी काढली, डोळा काढला, मला एका ओंडक्यावर उताणं ठेवलं आणि माझ्यात पाणी ओतलं. मी पक्ष्यांचं न्हाणीघर झाले. पहिले काही दिवस मला फार वाईट वाटलं. पण चिमण्या यायच्या, पंख फडफडवून पाणी उडवायच्या, आणि मला वाटलं, आभाळातून येणारं गोळा करायचं काम अजून सुटलेलं नाही.

मग चिमण्या येईनाशा झाल्या.

हे आधी आर्लिसच्या लक्षात आलं. ती रोज सकाळी पाणी बदलायला यायची. तिला आणखी एक गोष्ट दिसली. सगळं अंगण अजून हिरवं होतं, पण जिथून केबल गेली होती तिथे गवताची एक पट्टी पिवळी पडत चालली होती, रस्त्यापासून थेट घराच्या भिंतीपर्यंत.

"व्हर्न, हे गवत बघ. सरळ रेषेत मरतंय."

"खणलेल्या जमिनीत गवत मरणारच. चाळीस वर्षं शेतकऱ्याची बायको होतीस ना?"

आर्लिस रागावून आत गेली.

दोनचार दिवसांनी पाऊस झाला. पट्टीवर डबकं साचलं आणि त्यात बुडबुडे येऊ लागले. एक फुटायचा, दुसरा यायचा, तिसरा. मी तासन्‌तास ते बघत राहिले. माणसं पावसात घराबाहेर आलीच नाहीत. पाऊस थांबला, डबकं आटलं, बुडबुडे दिसेनासे झाले. मात्र जे वर येत होतं ते यायचं थांबलं नव्हतं.

घरातला म्हातारा कुत्रा स्कूटर पूर्वी माझ्या ओंडक्यापाशी हटकून पाय वर करायचा. आता तो पट्टीच्या अलीकडेच थांबायचा, कान मागे टाकायचा आणि वळून जायचा. व्हर्न पट्टा ओढत म्हणायचा, "काय रे, तुलाही गाव मानवत नाही का?"

आणि जनेलला तळघरात कधी कधी वास यायचा. फार मंद, कोबी सडल्यासारखा.

"बाबा, तू परत ते माशाचं लुटफिस्क खाली आणून ठेवलंयस का?"

"काही ठेवलेलं नाही."

"मग आईचा लोणच्याचा कोबी असेल."

"माझ्या कोबीला वास येत नाही!" आर्लिस जिन्यावरून ओरडली. "तुझ्या बापाच्या मोज्यांना येतो."

ब्रिटा खो खो हसली. जनेलनं तळघराची खिडकी थोडा वेळ उघडी ठेवली. वास गेला, आणि बोलणंही तिथेच संपलं. व्हर्नला तर म्हातारपणी कसलाच वास धड येत नव्हता.

मग थंडी आली. माती वरून गोठली, भांड्यावर घट्ट झाकण बसावं तशी. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग सगळं शांत झालं असेल. वरून तसंच दिसत होतं. पण झाकण बसलं की आतल्याला दुसरी वाट शोधावी लागते. जमिनीखाली एकच मोकळी वाट होती. केबल ओढून नेलेली ती वाट थेट तळघराच्या भिंतीपर्यंत, तिथल्या भोकापर्यंत जात होती.

नाताळाआधीच्या चार रविवारांतला तो पहिला रविवार होता. त्या दिवशी टॉलेफसनांकडे हिरव्या फांद्यांच्या चक्रात पहिली मेणबत्ती लावतात. वर आर्लिस बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्सा, विजेच्या तव्यावर भाजत होती. खाली तळघरात जनेल आणि ब्रिटा टीव्हीसमोरच्या टेबलावर ते चक्र मांडत होत्या. व्हर्न मात्र कुदळ घेऊन अंगणात आला. एल्मची सगळी पानं गळली होती.

"आता दिसेल की नाही आभाळ तुला?" तो मला म्हणाला. नवरा-बायकोत मला खांबावर परत चढवण्यावरून सकाळीच वाद झाला होता.

माझ्यातलं पाणी गोठलं होतं आणि मी ओंडक्याला चिकटले होते. मला सोडवायला तो कष्टानं गुडघ्यांवर बसला. तेव्हा त्यानं पाहिलं की सगळीकडे पांढरा बर्फ आहे, आणि माझ्या बाजूला एका भेगेभोवती माती उघडी, तपकिरी, कोरडी आहे. त्यानं हातमोजा काढून तळवा तिथे धरला. मग मान वाकवून कान जवळ नेला.

बारीक, सलग सूं आवाज येत होता.

शेतावर धान्य वाळवायचं यंत्र गॅसवर चालायचं. तो आवाज व्हर्न ओळखत होता. त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. त्यानं कुदळ हळूच बर्फावर ठेवली, कशावरही आपटणार नाही अशी. आणि ज्याला उठायला कुणाचा तरी हात लागायचा, तो माणूस ताडकन उभा राहिला.

तळघराच्या खिडकीपाशी जाऊन त्यानं काचेवर तळहात आपटला.

"जनेल! काही पेटवू नका!"

आत ब्रिटाच्या हातात काडेपेटी होती. काडी बाहेर काढलेली होती.

"आजोबा, पहिली मी लावणार आहे, ठरलंय आपलं!"

"ठेव ती खाली! बटणाला हात लावू नका, दिवा बंद करू नका, टीव्ही बंद करू नका. आहात तशा बाहेर या!"

जनेलनं एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग तिला तो कोबीचा वास आठवला असावा, कारण तिनं काही विचारलं नाही. ब्रिटाचा दंड धरून तिनं तिला जिन्याकडे ओढलं. व्हर्न मागच्या दारातून ओरडला, "आर्लिस, बाहेर ये!"

"तव्यावर लेफ्सा आहे!"

"जळू दे लेफ्सा!"

लेफ्सा जळू द्यायला सांगणारा व्हर्न आर्लिसनं जन्मात ऐकला नव्हता. ती उलथनं हातात घेऊनच बाहेर आली. स्कूटर ब्रिटाच्या कडेवर होता. कुणाच्या अंगात कोट नव्हता, ब्रिटाच्या पायांत नुसते मोजे होते. सगळे रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेले आणि तिथून फोन केला. व्हर्न मात्र रस्त्यावरच उभा राहिला आणि हात हलवून गाड्या मागे वळवू लागला.

अग्निशमन दल आलं. त्यांनी शेजारची घरं रिकामी केली, रस्त्याच्या टोकाची गॅसची चावी शोधायला घेतली. आणि घरातली ऊब कमी झाली म्हणून तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी, रोज होते तशी, ठिणगी पाडून आपोआप सुरू झाली.

मोठा आवाज झाला असं सगळे सांगतात. मला फक्त आठवतं की घर जागच्या जागी थोडं वर उचललं गेलं, भिंती बाहेर पडल्या आणि छप्पर सरळ खाली बसलं. मग आग. मी कुंपणावर जाऊन आदळले.

माणसं वाचली. व्हर्नच्या डाव्या कानानं त्या दिवसापासून काम सोडलं आहे.

माती नरम करून खणलं, तेव्हा केबल गॅसच्या पिवळ्या पाइपला खरवडत गेलेली दिसली. तिथे चीर होती, थंडीनं ती आणखी फाकली होती. चौकशीला आलेल्या बाईंनी टॉलेफसनांना इथे, या कुंपणापाशी उभं करून विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का?"

"गवत मरत होतं," आर्लिस म्हणाली. "आणि चिमण्या यायच्या थांबल्या."

"मला वास यायचा," जनेल म्हणाली.

व्हर्ननं केबलच्या वाटेकडे बोट दाखवलं. "कुत्रा तिथे जात नव्हता," तो म्हणाला.

"मग हे तुम्ही एकमेकांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की," आर्लिस म्हणाली. "दर वेळी त्यावरून भांडलो."

ते सगळे गाडीत बसून गेले. मला न्यायला कुणी आलं नाही, आणि मला त्याचा रागही नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. घरात कुणी म्हणालं की गवत वेगळं दिसतंय, वास येतोय, कुत्रा बिचकतोय, तर उत्तर तयार असलं तरी ते लगेच देऊ नका. उठा आणि त्या माणसाबरोबर जाऊन बघा. चित्र स्वच्छ दिसतं, म्हणजे सगळं ठीक असतं असं नाही.

बर्फ वितळू लागला आहे. काल पलीकडच्या गल्लीत कुणीतरी फिरत होतं, आणि आज तिथल्या अंगणांत लहान लहान पिवळी निशाणं रोवलेली आहेत.