पेन्मॉरोचा बांध

माझा भाऊ पेरेग्रिन अकरा वर्षं पार्लमेंटात बसला आणि तेवढ्या काळात जागेवरून उठला तो फक्त जेवायला. पेन्मॉरो गावात एकोणीस मतदार. त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून आंबट बिअर प्यायची मी, त्यांच्या पोरांची नावं पाठ करायची मी, आणि निवडून यायचे हे महाराज! बाईला मतच नाही, उभं राहणं तर सोडाच.

गावाला समुद्राचा बांध हवा होता. मागच्या हिवाळ्यात पाणी चार घरं घेऊन गेलं. पिंपं बनवणारा जेथ्रो ट्रेगिअर मला तोंडावर म्हणाला, "बाईसाहेब, गोड बोलणं पुरे झालं. यंदा बांध नाही, तर पुढच्या वेळी मतं मागायला होडीतून या."

मग विधेयक मी लिहिलं, भाषण मी लिहिलं, तीन आठवडे पेरेग्रिनकडून घोकून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी. मंगळवारी दुपारी शेवटचं मतदान होतं. मांडणाराच हजर नसता तर विधेयक बारगळलं असतं.

आणि मंगळवारी सकाळी आमच्या जहागिरीवरून घोडेस्वार पत्र घेऊन आला. वडील, थॉर्नमियरचे अर्ल, रविवारी गेले.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, लाज वाटते तरी. दोन दिवस धीर धरवला नाही या माणसाला? वडील गेले की थोरला मुलगा अर्ल होतो, आणि अर्लला लोकांच्या सभागृहात बसता येत नाही.

पेरेग्रिन केसांचा टोप तिरकाच चढवून जिना उतरला. "कुणाचं गं पत्र?"

"शिंपिणीचं. झगा तयार आहे म्हणे." मी पत्र खिशात कोंबलं.

"तुझं बरंय. इथे मला घाम फुटलाय. आज नाही गेलो तर?"

"जा म्हणते ना! आणि टोप सरळ कर."

संध्याकाळी तो दोन-दोन पायऱ्या चढत आला. "मंजूर! अगं, अर्धा तास बोललो. कुणी हसलं नाही!"

मला इतका आनंद झाला की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अकरा वर्षं हे कुठे दडवलं होतं या गाढवाने?

"तुझं भाषण साफ विसरलो," तो म्हणाला. "मग समोर बाबा बसलेत असं धरलं. ते मला कधी वाक्य पुरं करू देत नाहीत ना? म्हटलं, आज ऐकूनच घ्या."

आयुष्यात कुणाला चार ओळी न लिहिणारा माणूस मेजाशी बसला. "मीच कळवतो त्यांना. तू दुरुस्त्या करायच्या नाहीस हं. 'प्रिय बाबा'... पुढे काय लिहू गं?"

अकरा वर्षं त्याला शब्द मीच पुरवत आले होते.

"पेरी," मी म्हटलं, "लेखणी खाली ठेव."