बसकी गाडी आणि उचलबाबा

"उठली! अहो, उठली बघा!"

फाटकाबाहेर एकच गलका झाला. शेजारपाजारचे हातातली कामं टाकून आले होते, काहीजण तर कुंपणावर चढून बसले होते. अंगणातल्या जुन्या एसयूव्हीला कुणी बोटही लावलेलं नव्हतं, तरी तिची खाली बसलेली मागची बाजू हळूहळू वर येत होती. समोर झगा घातलेले उचलबाबा हात वर करून, डोळे मिटून उभे. चेले ढोल असा बडवत होते की कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये.

पायरीवर उभ्या असलेल्या आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने सारी हयात शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात घालवलेली, आणि हा तमाशा तिच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या अंगणात चालला होता.

गाडी म्हणजे भावाचा जीव की प्राण. अलीकडे ती रोज सकाळी मागून बसलेली दिसायची. शहाणा माणूस ती गॅरेजात नेतो. भावाने उचलबाबांना बोलावलं.

बाबांनी नाक फेंदारून गाडी हुंगली होती आणि निदान केलं होतं, "मागच्या सीटवर रोज रात्री एक भार येऊन बसतो. तुमच्या सुनेबरोबर घरात शिरलाय. मी आज उठवीन, उद्या परत बसेल. ती घरात आहे तोवर बसतच राहणार."

काय ती हुशारी! आपल्या अपयशाची आधीच सोय करून ठेवलेली.

"ताई, डोळ्यांनी पाहिलंस ना आता?" भाऊ विजयी मुद्रेने म्हणाला. "उद्या परत बसलेली दिसली, तर सुनेला माहेरी सोडून येणार. कायमची."

"तू गाडी चालवतोस की गाडी तुला?" आत्या कडाडली. "आणि तुझा मुलगा काय म्हणतो?"

मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. सून खिडकीत उभी होती. फाटकातल्या सगळ्यांनी तिच्याकडे एकदा वळून पाहिलं, आणि तिने पडदा ओढून घेतला.

आत्याने मात्र एक गोष्ट हेरली होती. मंत्राआधी बाबांनी भावाला चावी फिरवायला लावली होती. "इंजिन नको, फक्त गाडीचा प्राण जागा करा आणि बाहेर या." संध्याकाळी ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली. आतून बारीक फुसफुस ऐकू येत होती.

सकाळी गाडी बसलेलीच होती. सुनेची बॅग दारात आली. बाबाही आले, कालच्यापेक्षा जास्त गर्दी घेऊन. आत्याने भावाकडून चावी काढून घेतली आणि मुठीत घट्ट धरली.

"उठवा, बाबा."

"चावीशिवाय प्राण कसा जागेल, माई?"

"भाराला उतरायला चावी लागते?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी घाईघाईने मंत्र सुरू केला, ढोल दणाणले, बाबांचा झगा घामाने भिजला. गाडी ढिम्म हलली नाही.

"अविश्वासी बाई समोर आहे," बाबा पुटपुटले.

"मग आत बसते. ढोल मात्र बंद ठेवा."

तिने चावी फिरवली. त्या शांततेत गाडीखालून घुरघुर सुरू झाली आणि मागची बाजू वर येऊ लागली. मंत्र नाही, बाबा नाही.

"ऐकलंत? हा हवेचा पंप. ढोल बडवायचे ते हा ऐकू येऊ नये म्हणून! मागचे शॉक-अॅब्सॉर्बर हवेवर चालतात. गाडी खाली बसलेली असली, तर चावी फिरवताच पंप त्यांत हवा भरतो. रबर झिजलंय, रात्रभर हवा गळते." मग ती भावाकडे वळली. "तू बसलेली गाडी बघतोस, चरफडत पुढे बसतोस आणि निघून जातोस. ती उठते तुझ्या पाठीमागे. मागे थांबून कुणी बघितलंय कधी?"

प्रयोगशाळेत ती नळीची गळती शोधायची तसं तिने शॉकच्या रबरावर साबणाचं पाणी ओतलं. चिरेतून भराभर बुडबुडे आले.

"हा घ्या भार!"

हशा पिकला. उचलबाबांनी ढोल चेल्यांच्या गळ्यात अडकवले आणि पाय लावून पळाले. काल त्यांच्या पाया पडलेलेच आज त्यांच्या नावाने शिट्ट्या मारत होते.

भाऊ सुनेजवळ जाऊन हळूच म्हणाला, "पोरी, चुकलं. बॅग आत ने."

"मोठ्याने बोला, पप्पा," सून म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "आरोप यांच्यासमोर केलात. माफीही यांच्यासमोर मागा. आणि तुम्हीसुद्धा," ती नवऱ्याला म्हणाली.

फाटकातले पांगू लागले. "थांबा!" आत्या गरजली. "तमाशाला थांबलात, आता हेही ऐका."

भावाने सगळ्यांना ऐकू जाईल अशी माफी मागितली. मुलानेही मागितली. कुंपणावरच्यांना कुठे बघावं कळेना.

"दोघांचीच चूक नाही," आत्या त्यांना म्हणाली. "इतकी डोकी इथे जमली होती, एकानेही 'कशावरून?' असं विचारलं नाही. वस्तू बिघडली तर खाली वाकून वस्तूकडे बघा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एवढं तरी करा."