एक चाळीसची वेळ

जुना सर्व्हर भंगारात जायचा होता आणि त्याच्यावरची कामं नव्यावर हलवणं माझ्याकडे आलं. सयाजीगंजच्या या ऑफिसात जुनी अशी मी एकटीच उरले आहे.

निवृत्त झालेल्या दीनानाथसरांच्या त्या सर्व्हरवरच्या खात्यातला क्रॉनटॅब मी पहिल्यांदाच उघडत होते. रोज ठरल्या वेळी आपोआप व्हायच्या कामांची यादी त्यात असते. सरांची एकच ओळ होती: दुपारी एक चाळीसला मोडेमनं फोन लावायचा आणि प्रोग्रॅमच्या सोर्समधले ताजे बदल उतरवून घ्यायचे. या ओळीनं तीन वर्षं माझं जेवण नासवलं. ऑफिसात फोनची लाइन एकच, ती तेवढा वेळ अडकून पडायची आणि मध्येच तुटायची. ती परत जोडायला मी डबा उघडा टाकून स्क्रीनपुढे आणि सर स्कूटरवरून रावपुऱ्यात घरी, वामकुक्षीला. चारची वेळ ठेवा म्हणून कितीदा सांगितलं. "एक चाळीसच बरोबर आहे ने," एवढंच गुजराती वळणानं म्हणायचे. कारण नाही, काही नाही. शेवटी मी सगळ्यांदेखत बोलले, की तुमच्या झोपेपायी आम्ही उपाशी. सर हसले, पण वेळ बदलली नाही. मी अबोला धरला तो धरलाच. त्यांच्या निरोप समारंभालाही गेले नाही.

ओळीच्या वर एक टीप होती. कॉम्प्युटर अशी टीप सोडून देतो, ती माणसांसाठीच असते. रोमन अक्षरांत सरांचं मराठी: "वेळ चार करू नये. चारला सुनेत्राबेनच्या मैथिलीचा फोन येतो."

माझी मैथिली तेव्हा चौथीत होती. शाळेतून आली की शेजारून किल्ली घेऊन एकटीच घर उघडायची आणि मला फोन करायची. तिला लाइन एकदाही एंगेज मिळाली नाही. ते कसं, हे मला कधी सुचलंच नाही. माझी मलाच फार लाज वाटली.

नव्या सर्व्हरला मोडेम नाही, कुठलीही वेळ चालते. मी एक चाळीसच ठेवली, टीपही तशीच उतरवली. मग चार वाजू दिले आणि छाणीला फोन लावला, सर हल्ली तिथे मुलाकडे असतात. नाव सांगितलं, टीप वाचली म्हटलं, आणि जरा बोलायचं होतं असं म्हटलं.

"बोला ने, सुनेत्राबेन," सर म्हणाले. "लाइन मोकळी आहे."