तानाबाईची बरणी

"अर्ध्याच्या वर भरू नकोस. वासालाही बसायला जागा लागते."

ह्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मंडळाच्या पहिल्या बैठकीला मी पेले काठोकाठ भरले होते. आपल्याकडे पाहुण्यापुढं अर्धा पेला ठेवणं म्हणजे त्याचा अपमानच. हे चारचौघांत काही बोलले नाहीत. पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आले आणि हळूच एवढं सांगून गेले.

हे म्हणजे माझे यजमान. शाळेत रसायनशास्त्र शिकवत. गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. सासूबाईंना अन्न पचेना तेव्हा वैद्यांनी द्राक्षासव सांगितलं होतं. विकतचं त्यांना उग्र लागे, म्हणून ह्यांनी ते घरीच करायला घेतलं. द्राक्षं, गूळ, मसाले, आंबवायला धायटीची फुलं आणि धीर, एवढंच त्याला लागतं म्हणायचे. सासूबाई गेल्या, पण नाद राहिला. हळूहळू मसाले सुटले, गूळ कमी झाला, आणि नुसतं फळ उरलं. आजऱ्याकडची काजूची बोंडं, राधानगरीच्या बाजूची करवंदं, जांभळं, मिरजेहून आणलेली द्राक्षं. साहेबलोक बोटीतून वाइन मागवतात, पण आपल्या मुलखाच्या फळांना काय सांगायचंय ते कुणी ऐकूनच घेतलं नाही, असं हे नेहमी म्हणत.

त्यातून आस्वाद मंडळ निघालं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या परसाकडच्या पडवीत बैठक भरे. भट्टीवर चढवलेलं चालत नसे, आपसूक आंबलेलं तेवढंच. कुठली बाटली कुणाची ते कळू नये म्हणून तिला फडकं गुंडाळलेलं असे. मध्ये मध्ये बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा खायचा. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी गणपतराव ह्या सगळ्याला 'तात्याची तालीम' म्हणत. कुस्ती न्हाय, नुसता खुराक हाय, असं म्हणून स्वतःच मोठ्यानं हसत.

ओतायचं काम माझ्याकडं होतं. मी थेंबाला शिवले नाही. माझी रोजची पूजा, एक वेळचं जेवण, दिवेलागणीला देवीपुढची समई. ओतून झालं की समई लावण्याआधी मी पुन्हा स्नान करी. ह्यांनी त्यावरून कधी थट्टा केली नाही, आणि मीही बाटल्यांवरून कधी तोंड वाकडं केलं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. एकमेकांचं जपायचं म्हणजे दुसरं काय होतं आमच्याकडं? वास मात्र नाकाला विचारून येत नाही. तो येई, आणि मी तो मनातल्या मनात ठेवून देई.

मंडळाचा एक रिवाज ह्यांनीच घालून दिला होता. आणलेल्या जिनसेला वाईट म्हणायचं नाही. कुणीतरी वर्षभर झाकून, जपून, चार कोसांवरून ती आणलेली असते. पसंत नसेल तर पेला हलकेच खाली ठेवायचा आणि पाणी मागायचं. आणणारा काय ते समजून घेई, पुढच्या खेपेला सुधारून आणी, आणि कुणाचं मन मोडत नसे. गणपतरावांनी मात्र कधीच पाणी मागितलं नाही. त्यांना सगळंच झकास लागे, त्यामुळं त्यांच्या झकासकडं कुणी लक्ष देत नसे. सगळे बघत ते ह्यांच्या पेल्याकडं.

मंडळात येणारा पिराजी आजऱ्याचा. भाताची शेती होती. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून तोही कधी घोट घेत नसे. आसव करायची त्याची बायको, तानाबाई. "कसब तिचं, हमाली माझी," असं तो कौतुकानं सांगे. तानाबाई स्वतः कधी आली नाही. पण पिराजीच्या हाती माझ्यासाठी घनसाळ तांदळाची पुरचुंडी न चुकता यायची, आणि मी तिच्यासाठी देवीचं कुंकू पाठवायची. आम्ही दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं, तरी ओळख होती.

ज्या वर्षी संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्या वर्षीच्या ज्येष्ठात तानाबाईनं जांभळाची बरणी घातली आणि अंथरूण धरलं. उठवत नव्हतं. फडकं कधी सैल करायचं, तोंड कणकेनं कधी लिंपायचं, भाताच्या कोंड्यात बरणी किती खोल पुरायची, हे सगळं ती पडल्या पडल्या सांगे आणि पिराजी करी. त्यानं जन्मात ते काम केलं नव्हतं. भाद्रपदात तानाबाई गेली. बरणी कोंड्यातच होती.

त्याच थंडीत ह्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, हे हिंडूफिरू लागले, शाळेत जाऊ लागले. एके दिवशी माझ्या हातून खिरीत साखरेऐवजी मीठ पडलं. ह्यांनी वाटी मुकाट्यानं संपवली आणि बरी झालीय म्हणाले. मी नैवेद्याची वाटी उचलून ठेवून जेवायला बसले तेव्हा मला कळलं. मी ह्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की तापानंतर त्यांना ना वास येत होता, ना चव लागत होती. फोडणीच्या धुरात उभे राहिले तरी नुसते डोळे चुरचुरत. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीही येणार. ह्यांनी मला देवीपुढं उभं केलं आणि हे कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घ्यायला लावली. मी घेतली. माणसाला लाज कशाची वाटेल ते दुसऱ्यानं ठरवू नये.

पाडव्याच्या सुमाराला दारूबंदी लागू होणार असं कळलं. मग फाल्गुनातली बैठक शेवटची ठरली. ह्यांच्या मनात ती टाळायची होती, पण पिराजी बरणी घेऊन येतोय असा निरोप आला. त्याला नाही कसं म्हणणार?

पिराजी आला तो बरणी पोटाशी धरून. सर्व्हिस मोटारीत सगळ्या वाटेनं ती मांडीवर घेऊन बसला होता. त्या दिवशी फडकी गुंडाळली नाहीत, कारण आणणारा तो एकटाच होता. गणपतराव आणि आणखी दोघं नेहमीचे आले होते. पिराजी बसला नाही. उभ्यानंच बोलला.

"तात्या, जाताना तिनं येवढंच सांगितलं. तात्यास्नी दाखवा, म्हणली. सांगत ती हुती, पण हात माझं हुतं. नासलं आसंल तर माझ्या हातानं नासलं. खरं काय ते तुम्ही सांगा. मी काय रडत बसणार न्हाय."

मी बरणीवरची कणीक फोडली आणि पेल्यात ओतलं. वास आला, आणि माझा हात होता तिथंच थांबला. मग मी सगळ्यांना पेले दिले आणि दाराआड उभी राहिले.

गणपतरावांनी घोट घेतला, आणि आज त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "झकास झालंय की रं पिराजी," ते म्हणाले. पिराजीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

ह्यांनी पेला उजेडात धरला. नाकाशी नेला. घोट घेतला, तोंडात फिरवला, पुन्हा नाकाशी नेला. आपल्याच घराचं दार वाजवावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. चांगलं आहे म्हणायला काय लागत होतं? पण ह्या एका बाबतीत हे आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी पेला खाली ठेवला. तोंड धुऊन पुन्हा एकदा पाहावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी दाराकडं वळून मला म्हटलं, "जरा पाणी आण."

हे काय बोलून गेले ते त्यांना पिराजीच्या तोंडाकडं पाहून कळलं.

"पिराजी, तसं नाही. दोष माझ्या तोंडात आहे. मला चवच..."

"आसूं दे तात्या," पिराजी शांतपणे म्हणाला. "माझ्यापायी रीत मोडू नगासा. समजलं मला."

त्यानं बरणीचं तोंड आपल्या पटक्यानं बांधलं, दाराशी येऊन मला वाकून नमस्कार केला आणि तो गेला. हे चव गेल्याचं पुन्हा पुन्हा सांगत त्याच्यामागून अंगणापर्यंत गेले. पण मंडळातला प्रत्येक जण पाणी मागितल्यावर असंच काहीतरी गोड बोले. दुसऱ्याचं मन राखायला काल पान जास्त खाल्लं म्हणे, सर्दी झालीय म्हणे. पिराजीला हे त्यातलंच वाटलं.

हे कोट-टोपी घालून मोटारस्टँडकडं धावले. गाडी सुटून गेली होती. परत आले तेव्हा मी समई लावत होते. हे तसेच ओसरीवर बसून राहिले, टोपीसुद्धा काढली नाही. मी म्हटलं, मला शपथेतून सोडा, गणपतरावांच्या हाती निरोप धाडू. ते म्हणाले, असलं बोलणं निरोपानं होत नाही, मी स्वतः जाईन.

पण तसं घडायचं नव्हतं. पाडवा झाला, कायदा आला. ह्यांनी आपल्या हातानं सगळ्या बाटल्या परसातल्या केळीच्या बुडाशी ओतल्या. यंदाची केळी झिंगणार, असं गणपतराव म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच हसू आलं नाही. त्यांनीच मग हळूच सांगितलं की पिराजीनं तानाबाईची बरणी आजऱ्याला पोचायच्या आतच ओढ्यात ओतली. आता बाजाराला येत नाही. मरणाऱ्या माणसानं एक काम सांगितलं, तेबी माझ्या हातनं नासलं, एवढंच कुणाकुणाला बोलतो.

हे ऐकून ह्यांनी दुसऱ्याच दिवशी निघायची तयारी केली. पायरी उतरताना छातीत कळ आली आणि तिथंच बसले. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायची बंदी केली. मग पावसाळा लागला. हिरण्यकेशीला पूर आला, आजऱ्याची वाट बंद झाली, आणि ह्यांचं उठणंही बंद झालं.

आषाढातल्या एका दुपारी मी उशाशी बसून स्तोत्र म्हणत होते. हे डोळे मिटून होते. झोप लागली असं समजून मी थांबले, तेव्हा ते बोलले.

"अगं, ओतली तूच होतीस. तुला वास आला असेल. कशी होती गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या व्रताला धक्का लागू नये म्हणून जपत. मी त्यांचा हात हातात घेतला.

"आधी जांभळाचा वास आला," मी म्हटलं. "तोडलेल्या नव्हे. झाडाखाली पडून, ऊन लागून साल सुटते, तसल्या जांभळाचा. त्याच्या मागून भाताच्या कोंड्याचा. आणि पेला तुमच्यापुढं ठेवताना, अगदी शेवटी, थोडासा कापसाच्या विझत्या वातीसारखा."

"आंबूस?"

"नाही. आंबूसपणा तिळभर नव्हता. इतका भरलेला वास आपल्या पडवीत दुसरा कधी आला नाही."

त्यांच्या घशाची हालचाल झाली, घोट गिळावा तशी. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं, ते मी पदरानं टिपलं.

"म्हणजे पिराजीच्या हातानं बिघडली नव्हती."

"नव्हती."

"तुझी शपथ सुटली," ते म्हणाले. "त्याला सांग. माझ्या तोंडाचं सांग, आणि हे वासाचंही सांग. आत्ता मला सांगितलंस ना, तसंच."

"सांगेन. मी स्वतः जाऊन सांगेन."

नागपंचमीच्या आधीच हे गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस मी घराबाहेर पडले नाही. दिवसवार झाले, नातेवाईक पांगले. थोरल्या जाऊबाई माझ्या सोबतीला राहिल्या. आजऱ्याला जायचं मी एकदा बोलून पाहिलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. वर्षश्राद्धाच्या आत बाईनं उंबरा ओलांडायचा, तोही दारू घालणाऱ्यांच्या घरी जायला? लोक काय म्हणतील, आणि गेलेल्या माणसाला तरी काय वाटेल? मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही. गेलेल्या माणसाला काय वाटेल ते मला ठाऊक होतं.

गणपतराव विचारपूस करायला येत. मी त्यांना सगळं सांगितलं, शपथ आता उरली नव्हती. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, वैनी, तुम्ही कशाला तरास घेताय, मी सांगून येतो की. मी म्हटलं, "गणपतराव, तुम्ही त्याला त्याच दिवशी सांगितलं होतंत. त्यानं कुठं मानलं?"

"व्हय," ते म्हणाले. "माझ्या झकासला कोण इचारतंय." हसायला गेले आणि उपरण्यानं डोळे पुसत उठले.

कार्तिक लागला, वाटा सुकल्या. त्या दिवशी पहाटे स्नान केलं, पूजा आटोपली. जाऊबाई उठल्या होत्या. मी पिशवीत नेसूचं एक पातळ ठेवताना त्यांनी पाहिलं. मी त्यांच्या पाया पडले. संध्याकाळी मला यायला जमलं नाही तर समई तेवढी लावाल का, एवढंच विचारलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तेलाची बुधली जवळ ओढून घेतली.

गल्लीत अजून सडे पडत होते. शेजारच्या शालूबाईंनी हातातली बादली खाली ठेवून विचारलं, एवढ्या सकाळी कुणीकडं? मी आजऱ्याला म्हटलं, आणि पदर नीट घेऊन मोटारस्टँडच्या वाटेला लागले.