मीठ कुणी वाढवलं?

खोक्यांच्या कारखान्यात सगळे त्याला इंजिन म्हणत. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्याचं कँटीन तो सांभाळायचा. आवारात काडी ओढायला सक्त मनाई, म्हणून तो कुंपणापलीकडे, ट्रक तोलायच्या बंद पडलेल्या वजनकाट्याच्या आडोशाला उभा राहून सिगारेट ओढायचा. यंत्रांवरच्या माणसांना खिडकीतून तो दिसत नसे, नुसता धूर दिसायचा. धूर दिसला की ती माणसं म्हणायची, "इंजिन अजून यार्डात आहे, जेवणाला वेळ आहे." त्याला या नावाचा राग नव्हता. बायकोला मात्र होता, कारण कारखान्यातल्या बायका तिला बाजारात भेटल्या की "इंजिन बरं आहे ना?" असं तोंडभरून विचारायच्या.

तर या इंजिनाचा पाय दुखायला लागला.

दुखणंसुद्धा असं, की सांगायची पंचाईत. दिवसभर शेगडीपुढे उभा राहिला तरी काही नाही. पण बसथांब्यापासून कारखान्याकडे चालायला लागला, की दुकानांची रांग अर्धी सरेपर्यंत उजव्या पोटरीत गोळा यायचा. थांबलं की जायचा, चाललं की पुन्हा हजर. आणि हा गोळा यायचा तो नेमका बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानासमोर. बिचारा दिव्याच्या खांबाला टेकायचा आणि काहीतरी बघतोय असं दाखवायला समोरच्या काचेकडे बघत उभा राहायचा.

ही बातमी घरी पोचायला कितीसा वेळ लागणार?

"अहो," बायको एका संध्याकाळी म्हणाली, "तुम्हाला काही घ्यायचंय का त्या दुकानातून?"

"कुठल्या?"

"रोज सकाळी ज्याच्यापुढे ध्यान लावता त्या."

त्याचे कान लाल झाले. मग पायाचं सगळं सांगावंच लागलं. तिला हसावं की रडावं कळेना. नवे बूट झाले, तेल चोळून झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. गोळा काही हटेना. उलट पूर्वी रांगेच्या मध्यावर यायचा तो आता पहिल्याच दुकानापाशी गाठू लागला. शेवटी ती त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीण वयानं त्याच्या मुलीएवढी होती. तिनं पायाकडे पाहिलं, बोटं दाबली आणि विचारलं, "सिगारेट ओढता?"

"डॉक्टर, पाय दुखतोय."

"हो, म्हणूनच विचारतेय."

त्यानं बायकोकडे पाहिलं. हिनं काही आधी बोलून ठेवलंय की काय? पण बायकोही तेवढीच गोंधळली होती.

डॉक्टरणीनं दंडाला पट्टा बांधला, मग घोट्याला बांधला आणि पेनासारखं एक यंत्र कातडीवर टेकवलं. हाताचा आवाज खणखणीत होता, धप धप धप. डाव्या पायाचा जरा मऊ. उजव्या घोट्यावर मात्र ती बराच वेळ शोधत राहिली, आणि मग जो आवाज आला तो गोधडीत तोंड खुपसून कुणी पुटपुटावं तसा.

"धूर छातीत जातो, पण तिथंच बसून राहत नाही," ती म्हणाली. "रक्तात शिरतो आणि अंगभर फिरतो. रक्तवाहिन्या आतून खराब होतात, अरुंद होतात. तुम्ही चालता तेव्हा पोटरीला जास्त रक्त लागतं. ते पोचत नाही, म्हणून ती बोंब मारते."

"म्हणजे सिंकचा पाइप तुंबतो तसं?"

"साधारण तसंच. आणि या एकाच पायात झालंय असं समजू नका. हृदयाकडे, मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्याही त्याच धुरातून गेल्यात."

"आणि नाही सोडली तर?"

तिनं आडपडदा ठेवला नाही. "एखादी साधी जखम होईल, ती भरणार नाही. बोट काळं पडेल. मग बोट काढावं लागतं. कधी पाऊल. कधी त्याच्याही वर."

उपाय तिनं सांगितला तो ऐकून त्याचा उरलासुरला ताळमेळही गेला. गोळ्या घ्यायच्या. रोज चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आणि सिगारेट बंद. तलफ आली तर चघळायला निकोटीनच्या गोळ्या. म्हणजे दुखतोय पाय, तर त्याला विश्रांती नाही, आणि शिक्षा तोंडाला. बाहेर येताना तो बायकोला म्हणाला, "तिला कागद तरी माझाच दिला होता ना?"

पण बाहेरच्या बोळात चाकाच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. त्याच्या लेंग्याचा एक पाय गुडघ्यापाशी दुमडून पिनेनं टाचलेला होता. दोन बोटांत न पेटवलेली सिगारेट. त्यानं इंजिनाच्या खिशातला चौकोनी उंचवटा बरोबर हेरला.

"काडी आहे का हो? आत्ता बाहेर नेतील मला मोकळ्या हवेत. काडीच नाही."

इंजिनाचा हात सवयीनं खिशात गेला आणि तिथंच थांबला. "हे... पायाचं... कशानं?"

"हिच्यानंच की," असं म्हणत त्या माणसानं सिगारेट वर करून दाखवली, जणू ओळखीच्या माणसाची गाठ घालून देतोय.

"आणि तरीही?"

"तलफ काय पायाला विचारून येते? दुसराही दुखायला लागलाय आता." तो हसला. हसता हसता खोकला. "द्या ना."

इंजिनानं काड्यापेटी त्याच्या मांडीवर ठेवली. मग पाकीटही ठेवलं. आणि कुणी मागं लागल्यासारखा जिन्याकडे पळत सुटला. खाली पोचेपर्यंत पोटरीत गोळा आलाच.

"काय दिलंत हो त्याला?" मागून आलेल्या बायकोनं विचारलं.

"काड्यापेटी. आणि पाकीट."

"का?"

"मला काय ठाऊक का!" तो ओरडला. आपण त्या माणसाचं वाटोळं केलं की आपलं भलं केलं, त्याला समजेना. पण सिगारेट सुटली ती तिथं.

सुटली म्हणजे काय, डोक्यात धुकं शिरलं. चाव्या फ्रीजमध्ये सापडल्या. कांदे सोलून त्यानं साली पातेल्यात आणि कांदे बादलीत टाकले. खोकला कमी व्हायचा तर वाढला. "ओढत होतो तेव्हा एवढा खोकलो नाही," म्हणून त्यानं डॉक्टरणीला फोन केला, तर ती म्हणाली, सोडल्यावर काही दिवस होतं असं, छाती आतला कचरा बाहेर टाकतेय. घरात तर भांड्याला भांडं लागलं तरी तो खेकसायचा. बायकोनं हात जोडले. "नुसता धूर होता तेव्हा बरं होतं. आता विस्तव झालाय."

आणि मग मिठाचा घोळ सुरू झाला.

एका सकाळी त्यानं बटाट्याचा रस्सा चाखला आणि तोंडातला घोट थेट मोरीत टाकला. खारट! समुद्राचं पाणी बरं.

कँटीनमध्ये त्याच्या हाताखाली एक बाई होती, भाज्या चिरायला, पोळ्या लाटायला आणि पडेल ते करायला. सगळे तिला ताई म्हणत. तो तिच्यावरच घसरला. "दोनदा मीठ टाकलंस?"

"मी हातसुद्धा लावला नाही, दादा. तुम्हीच टाकलंत. नेहमीएवढंच."

तो दुसऱ्या दिवशी मिठाच्या गोणीवर संशय घेऊन आला. नवी गोणी फोडली. तेच. मग पाण्यावर संशय, मग पातेल्याच्या कल्हईवर, मग बटाट्यांवर. बटाटे खारट कसे असतील, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यानं मीठ निम्म्यावर आणलं. तरी जास्त. आणखी कमी केलं, तेव्हा कुठं रस्सा तोंडात धरवला. पण धीर खचला. एवढ्या मिठात रस्सा अळणी होणार, लोक ताटं आपटणार. दुपारी तो वाढायच्या खिडकीमागे चोरासारखा उभा राहिला.

कुणी ताट आपटलं नाही. माणसं जेवता जेवता थांबत होती, एकमेकांकडे बघत होती. कापणीच्या यंत्रावरचा बुवा, सगळ्यांत जुना कामगार, ताट घेऊन खिडकीशी आला.

"इंजिन, तब्येत बरी आहे ना?"

"का? अळणी झालं?"

"छे, छे. दे अजून थोडा." एवढंच बोलून तो गेला.

जेवणं उरकल्यावर ताई टेबलांवरचे गरम पाण्याचे जग आत घेऊन आली. प्रत्येक टेबलावर एक, अशी कँटीनची जुनी पद्धत होती. गरम पाणी पचनाला चांगलं, असं कामगारांनी सांगितल्यामुळे तोच रोज उकळून द्यायचा. आज सगळे जग काठोकाठ भरलेले होते.

"आज कुणी पाणी घातलं नाही," ताई जग रिकामे करत म्हणाली, आणि एकदम जीभ चावली.

"कशात?"

तिनं घाईनं पुढचा जग उचलला.

"ताई, कशात घातलं नाही?"

"रश्श्यात, दादा."

त्याला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं, तसा तो पिंपावर बसला. "कधीपासून?"

"नक्की नाही सांगता येणार. एका दिवसात थोडंच झालं? मीठ वाढत गेलं, तशी लोकांनी पाण्याची सवय लावून घेतली."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, चिरणं तुझं, चव माझी. मग नाही बोलले."

"पण सगळे तर वाहवा करायचे! तो बुवा तर रोज..."

"लोकांना तुम्ही आवडता, दादा," ताई म्हणाली आणि पाठ फिरवून जग धुवायला लागली.

ते वाक्य त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. तो तसाच उठून कुंपणापलीकडे गेला. वजनकाट्यापाशी एक ट्रकवाला उभा होता. त्यानं न मागता पाकीट पुढे केलं, आणि इंजिनानं घेतली. पहिल्या झुरक्याला डोकं गरगरलं. तिसऱ्या-चौथ्याला जिभेवर तो जुना जाड थर बसला. आता काही खारट नाही, काही कडू नाही, सगळं एकसारखं. आपल्या घरात आल्यासारखं वाटलं त्याला. आणि त्याचीच भीती वाटली. आपण ज्याला आपली चव म्हणत होतो ती ही होती? थोटूक बोटांना चटका देईपर्यंत त्यानं ओढली. अर्धी टाकली असं त्याला पुढे सांगता आलं असतं, पण त्यानं तसं कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर बायकोला वासानंच कळलं. तिनं पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चला, डॉक्टरणीनं सांगितलंय तेवढं चालून येऊ."

कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानापर्यंत गेल्यावर गोळा आला. दोघं पायरीवर टेकली. त्यानं तिला दुपारचं सगळं सांगितलं, आणि मग जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. "मी चांगला आचारी होतो की नव्हतो गं?"

"होता की. तुमच्या हातचं खाऊनच तर मी लग्नाला हो म्हटलं."

"आणि नंतर?"

तिनं पदराची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. "नंतर मी घरचा स्वयंपाक माझ्याकडे घेतला."

"तो तर मला आराम मिळावा म्हणून..."

"असं मी म्हटलं होतं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. घरी बायको, तिकडे ताई, बुवा, अख्खा कारखाना. एवढी माणसं इतकी वर्षं त्याला सांभाळून घेत होती, आणि त्याला वाटत होतं, आपण सगळ्यांना जेवू घालतोय. रागवावं तर कुणावर? त्याला हसू आलं, पण ते डोळ्यांवाटे आलं. बायकोनं त्याचा हात धरून त्याला उठवलं. "झाला ना गोळा कमी? चला मग."

दुसऱ्या दिवशी त्यानं ताईच्या हातात चमचा दिला. "आधी तू चाख. मला अजून भरवसा नाही." तिनं चाखलं, चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं. त्यानं निमूट टाकलं.

पुढच्या तपासणीत त्यानं डॉक्टरणीला त्या एका सिगारेटचं सांगून टाकलं. ती रागावली नाही. "घसरलात, पण पुन्हा उभे राहिलात. तेवढं धरून ठेवा," म्हणाली आणि घोट्यावर यंत्र टेकवलं. पुटपुट अजून पुटपुटच होती, पण गोधडी जरा पातळ झाल्यासारखी. अरुंद झालेली वाहिनी पूर्वीसारखी व्हायची नाही, तिनं समजावलं. पण चालण्यानं आजूबाजूच्या बारीक वाहिन्या कामाला लागल्या होत्या. पाय सध्या तरी आपल्या जागी राहणार होता. हृदयाची तपासणी मात्र करायलाच हवी, म्हणून तिनं पुढची तारीख दिली.

थंडी पडू लागली तेव्हा बायकोनं कपाटातून लोकरी कोट काढून खुर्चीवर टाकला. इंजिन खोलीत आला आणि नाक दाबून मागं सरला.

"हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमचाच."

त्यानं जवळ जाऊन बाही हुंगली. जुनी राख, ओल आणि काहीतरी आंबलेलं. "हा घालून मी तुझ्याशेजारी बसायचो?"

"बसायचात."

"आणि तू?"

"मीही बसायचे."

"कसं काय गं?"

उत्तराची वाट न बघता तो कोट उचलून न्हाणीघरात गेला, टबात बुडवला, साबण घालून दोन्ही हातांनी रगडला. पाणी काळ्या चहासारखं झालं. त्यानं ते ओतून दिलं आणि नवीन भरलं. तेही तसंच झालं. बाहेरून बायको म्हणत होती की लोकर अशी धुवायची नसते, आटेल. तो ऐकत होता, पण त्यानं तिसऱ्यांदा नळ सोडला होता.