बाटलीवरचं नाव

"पाकिटावर आधी समोरच्याचं नाव नीट लिही, बाळा. त्याशिवाय पत्र पोचत नाही."

तिचे वडील पोस्टमन होते. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी कागद पुढे ओढला की तिला हा आवाज ऐकू येई. यंदा मात्र तिनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

रसायनशास्त्राचं शेवटचं वर्ष. महिनाअखेरपर्यंत इंटर्नशिप मिळाली नाही, तर वर्ष वाया. वसतिगृहातल्या मुली एकेक करून कामाला लागल्या. शेजारच्या पलंगावरची गादीही गुंडाळली गेली. खोलीत उरली ती, पंखा आणि न वाजणारा फोन. आईला ती रोज सांगे, "दोन-तीन ठिकाणी बोलणं चाललंय गं." खरं तर आईशिवाय कुणाशी आपण शेवटचं कधी बोललो, हेच तिला आठवावं लागे.

वर्गात एकच अर्ज हातोहात फिरत होता, कुणा जुन्या विद्यार्थ्यानं साबणाच्या कारखान्यासाठी लिहिलेला. तोच तिनं, नाव आणि छंद तेवढे बदलून, एका बैठकीत त्रेसष्ट ठिकाणी मेलनं धाडला होता.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"पाणी तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख बोलतेय. तुम्हाला म्हणे लहानपणापासून आमच्या साबणाच्या कारखान्याची ओढ आहे?"

तिचे कान तापले. "मॅडम, ते... चुकून गेलं."

"याच साबणासाठी आसुसलेले नऊ अर्ज आलेत! अख्खा वर्ग आंघोळीला निघालाय की काय?"

तिला हसू फुटलं, आणि मागोमाग रडू. "मग मलाच फोन का केलात?"

"छंदाच्या रकान्यात लिहिलंय, 'नळाचं पाणी वासावरून ओळखते.' तेवढं एक वाक्य तुमचं वाटलं."

"एकटीच असते मी. पाणी बदललं की कळतं."

पलीकडचा आवाज मऊ झाला. "हे बघ बाळ, आमच्याकडे रोज बाटल्या येतात. पाणी कुठलं, कधी भरलं, कुणी भरलं, हे ज्या बाटलीवर नसतं, तिचं पाणी कितीही चांगलं असो, आम्ही ओतून देतो. तुझा अर्ज तसाच होता."

"त्रेसष्टांतलं एखादं तरी लागेल, असं वाटलं हो."

"दार ठोठावून पळून गेलीस, तर उघडणाऱ्याला दिसणार कोण? रोज एकच नवं दार धर. तिथं काय काम चालतं ते वाच, विचार. मग तुला काय येतं, काय शिकायचंय, ते चार ओळींत लिही. आठवड्यानं आठवण करून दे, त्यात लाज कसली? जागा माझ्याकडे एकच आहे, ती फोनवर देत नाही. उद्या दहाला तुमच्या नळाचं पाणी घेऊन ये. इथं नाही जमलं, तरी नेम मोडायचा नाही. वचन?"

"वचन."

अरे, वडील तरी वेगळं काय सांगत होते!

वाचकहो, आपली मुलं अर्ज पाठवून गप्प बसतात, आणि आपण "कुणाची ओळख आहे का?" एवढंच विचारतो. काम मागणं ही भीक नव्हे, नुसतं नशिबावर सोडायची गोष्टही नव्हे. आधी समोरच्याला जाणावं, मग आपली ओळख द्यावी. आणि घरातलं मूल गप्प झालं असेल, तर त्याच्याशी आधी आपण बोलावं.

संध्याकाळी तिनं आईला सगळं खरं सांगितलं. सकाळी नळ थोडा वाहू दिला, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरली. चिठ्ठीवर जागा, वेळ आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. पिशवीत एक पाकीटही ठेवलं, वाटेतल्या रंगकारखान्यासाठी, आजचं दार. पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि खोलीचं दार हळूच ओढून ती निघाली.